परदेशी हरवलेले पारपत्र आणि आपली घरची जबाबदारी

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात छावणी, छत्रपती संभाजीनगर येथे केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी मला दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा प्रथम मी संकोचलो. मी मॅट्रिक झालेला एक प्राथमिक शिक्षक. पहिलीच्या मुलांचा हात धरून पाटीवर अक्षरे गिरवून घेण्यात माझे आयुष्य गेले. विद्वानांच्या सभेत बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु एका गोष्टीचा अनुभव मला फार महागात पडला आहे, आणि तो आपणांपैकी कोणाच्या तरी उपयोगी पडावा, एवढ्याच हेतूने मी उभा आहे.

पूर्वी आपल्या घरातून कोणी मुंबईस निघाले, तरी सगळी आळी त्याला स्टेशनापर्यंत पोचवावयास जाई. आज आपल्या ज्ञातीची मुले जर्मनीत, इंग्लंडात, अमेरिकेत आणि आखातात आहेत. त्यांचे सत्कार आपण याच व्यासपीठावरून करतो, आणि ते योग्यच आहे. निघताना आपण त्यांना लोणच्याच्या बरण्या देतो, भाजणी देतो, देवघरातील अंगारा देतो. परंतु त्यांच्या खिशातील जी लहानशी पुस्तिका हरवली असता त्यांना परक्या मुलखात ओळखच उरत नाही, तिच्याविषयी आपण घरची माणसे एक अक्षरही जाणत नाही. ती पुस्तिका म्हणजे पारपत्र, ज्याला आपण सारे पासपोर्ट म्हणतो. तो आणि त्याबरोबरचा परदेशातील वास्तव्याचा परवाना हरवला तर काय करावे, आणि त्या वेळी घरच्यांचे कर्तव्य कोणते, हा माझा विषय आहे.

ही आपत्ती आजचीच आहे असे कोणी समजू नये. गेल्या शतकापूर्वीच आपले मराठी लोक तिच्यातून गेलेले आहेत. १८३४ पासून मॉरिशस बेटावर उसाच्या मळ्यांत काम करण्यासाठी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले जात. त्यांत रत्नागिरी, सातारा वगैरे भागांतून मुंबई बंदरामार्गे गेलेले मराठी लोकही होते. पोर्ट लुई येथील ज्या धक्क्यावर ते उतरले, त्या आप्रवासी घाटाला २००६ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. उतरताच प्रत्येकाला एक क्रमांक मिळे, आणि त्याचे नाव, बापाचे नाव, जात, गाव, उंची, अंगावरील खुणा हे सर्व मोठ्या वहीत लिहिले जाई. पुढे १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या मजुरालाही आपले छायाचित्र लावलेले तिकीट सदैव जवळ बाळगणे सक्तीचे झाले. ते जवळ नसले की पोलीस त्याला भटक्या ठरवून पकडीत. पावसात भिजले, चोरीस गेले, झोपडीला आग लागली, कारण काहीही असो, तिकीट गेले की माणूस गुन्हेगार ठरे. नव्या प्रतीसाठी पैशाचा भुर्दंड भरावा लागे आणि मजुरीचे दिवस बुडवून कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागत. आडॉल्फ द प्लेव्हित्झ नावाच्या एका गोऱ्या मळेवाल्याला या छळाची चीड आली. त्याने १८७१ साली नऊ हजारांहून अधिक मजुरांच्या सह्यांचा अर्ज गव्हर्नराकडे दिला, आणि परिणामी १८७२ साली चौकशीसाठी इंग्लंडहून शाही आयोग आला.

या हकिकतीत एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मजुराजवळचा कागद गेला, तरी कचेरीतील वही राहिली. आज दीडशे वर्षांनंतर त्या मजुरांचे पणतू मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या त्याच वह्यांतून आपल्या पूर्वजाचे गाव शोधून काढतात. तात्पर्य, हरवलेला कागद पुन्हा उभा राहतो तो दुसरीकडे सांभाळलेल्या नोंदीच्या आधारावर. ती नोंद खरी आणि एकसारखी असेल तर माणूस तरतो, आणि ती चुकलेली असेल तर तीच त्याच्या पायांतील बेडी होते. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. ते मला माझ्या स्वतःच्या हस्ताक्षराने शिकविले.

आता ती हकिकत सांगतो. माझी धाकटी बहीण लवकर विधवा झाली. तिला एकच मुलगा. १९९६ च्या जून महिन्यात त्याला पहिलीत घालावयाचे होते. मुलाचा जन्म १९९० च्या सप्टेंबरातला, म्हणजे सहा वर्षे भरण्यास तीन महिने कमी. बहीण म्हणाली, "दादा, आणखी एक वर्ष याला घरी कुठे ठेवू? मला कामावर जायचं असतं." वर्ग माझाच होता. मी जनरल रजिस्टरात त्याची जन्मतारीख १ जून १९९० अशी लिहून टाकली. आपणांपैकी पुष्कळांचे वाढदिवस १ जूनलाच येतात, त्यामागे आम्हा मास्तर लोकांचाच हात आहे, हे आपण जाणताच. त्या वेळी मला त्यात काही गैर वाटले नाही. किंबहुना बहिणीची अडचण दूर केल्याचे समाधानच वाटले. तेवढ्यावर न थांबता, त्याच्या बापाचे नावही जन्माच्या उताऱ्यात होते तसे न लिहिता, घरात म्हणत तसे लिहिले.

मुलगा हुशार निघाला. यंत्र-अभियांत्रिकीची पदविका घेऊन त्याने वाळूजच्या कारखान्यांत काही वर्षे काढली, जर्मन भाषा शिकला आणि २०१६ साली जर्मनीत नोकरीस गेला. पासपोर्ट अर्थातच शाळेच्या दाखल्यावरून निघाला होता. नोव्हेंबर २०१८ मध्ये एका मोठ्या रेल्वे स्टेशनावर त्याची हातातील पिशवी चोरीस गेली. वास्तव्याच्या परवान्याच्या कामासाठी त्याने त्या दिवशी सगळेच कागद बरोबर घेतले होते. पासपोर्ट, परवान्याचे कार्ड, शाळा सोडल्याचा मूळ दाखला, पदविकेचे प्रमाणपत्र, सारे एकाच पिशवीत! रात्री अकराला त्याचा फोन आला. "मामा, माझ्याजवळ मी कोण ते सांगणारा एकही कागद राहिला नाही," एवढेच तो बोलला.

त्याने आपल्याकडून चूक केली नाही. त्याच रात्री पोलिसांत तक्रार नोंदविली, दुसऱ्या दिवशी आपल्या वकिलातीला कळविले आणि अर्ज भरला. तेथून जन्मतारखेचा पुरावा मागितला गेला. घरी आम्ही पेटी उपसली. दाखल्याची झेरॉक्स नाही, पासपोर्टाची नाही, कशाचीच नाही! सापडला तो जन्माचा उतारा. घाईघाईने मी त्याचाच फोटो काढून पाठविला, आणि आपण मोठी कामगिरी केली अशा समजुतीत झोपी गेलो. चार दिवसांनी उलट विचारणा आली, की पासपोर्ट १ जून म्हणतो, हा उतारा ९ सप्टेंबर म्हणतो, आणि वडिलांचे नावही जुळत नाही, याचा खुलासा करावा. विचारणाऱ्याचा काय दोष? दोन तारखांचा एकच माणूस म्हटल्यावर कोणासही शंका येणारच.

मग शाळेच्या दाखल्याची दुसरी प्रत काढण्यासाठी मी माझ्याच शाळेत अर्जदार म्हणून गेलो. मी त्या आधीच्या वर्षीच निवृत्त झालो होतो. माझ्या हाताखाली काम केलेल्या बाई आता मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत होत्या. त्यांनी १९९६ चे रजिस्टर उघडून माझ्यापुढे ठेवले आणि सहज म्हणाल्या, "गुरुजी, अक्षर आपलंच आहे." बंधूंनो, सदतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या वळणदार अक्षराची पुष्कळांनी स्तुती केली असेल. त्या दिवशी मात्र ते अक्षर मला पाहवेना.

प्रतिज्ञापत्रे, अर्ज, दाखला या सर्वांत दिवस जात होते, आणि त्यातच दुष्काळात तेरावा महिना यावा तशी माझी बहीण अंथरुणास खिळली. डॉक्टरांनी आशा सोडली. पासपोर्ट मिळाल्यावाचून मुलाला येता येईना. अशा वेळी आपल्या वकिलातीकडून इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळू शकते, हे आम्हांस तेव्हा कळले. ते पासपोर्ट नव्हे. त्यावर फक्त मायदेशी परत येता येते, एकदाच आणि एकाच दिशेने. परत जावयाचे तर येथे नवा पासपोर्ट काढून, पुन्हा त्या देशाचा व्हिसा घेऊनच जावे लागते. मुलाने मला विचारले, "मामा, येऊ की थांबू? आलो तर नोकरीवर परत कधी जाईन ते सांगता येत नाही." मी त्याला एवढेच म्हणालो, "बाळ, पासपोर्टाची दुसरी प्रत निघते, आईची निघत नाही. तू ये."

तो आला. आईने त्याला ओळखले, त्याच्या हातून पाणी घेतले. अकरा दिवसांनी ती गेली. त्यानंतर नवा पासपोर्ट आणि व्हिसा होऊन तो जर्मनीस परतला तो एप्रिल २०१९ मध्ये. तितके महिने पगार नव्हता आणि तेथील घराचे भाडे मात्र चालू होते. अखेरीस शाळेचा दाखला जुन्या पासपोर्टाशी जुळला म्हणून तीच तारीख कायम राहिली, आणि कागदावर तो आजही तीन महिन्यांनी मोठा आहे. त्याने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. परंतु मी घाईने दुसरी तारीख पाठविली नसती, किंवा बावीस वर्षांपूर्वी खरी तारीख लिहिली असती, तर आईजवळ तो काही दिवस आधी येऊन बसला असता, हा हिशेब माझ्या मनातून जात नाही.

असो. आता यातून निघणाऱ्या व्यवहाराच्या गोष्टी क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट पोलिसांची. पासपोर्ट हरवल्याची खात्री होताच, ज्या गावी तो हरवला तेथील पोलिसांत तक्रार नोंदवावी आणि तिची क्रमांकासहित प्रत घ्यावी. भाषा येत नाही म्हणून टाळाटाळ करू नये. पुढील प्रत्येक कचेरीत प्रथम तोच कागद मागितला जातो.

दुसरी गोष्ट आपल्या वकिलातीची. तेथे हरवल्याबद्दलचे प्रतिज्ञापत्र देऊन त्याऐवजी नव्या पासपोर्टासाठी अर्ज करावयाचा असतो. ज्या कार्यालयाने जुना पासपोर्ट दिला असेल तेथील नोंदी पडताळल्या जातात, म्हणून जुना क्रमांक, दिल्याची तारीख आणि स्थळ माहीत असेल तर काम पुष्कळ हलके होते. आणखी एक दक्षता फार महत्त्वाची आहे. हरवल्याची नोंद झाली की जुना पासपोर्ट रद्द होतो. पुढे तो गादीखाली सापडला, तरी त्यावर प्रवास करू नये. तो वकिलातीच्या स्वाधीन करावा.

तिसरी गोष्ट त्या देशाच्या परवान्याची. आपली वकिलात आपला पासपोर्ट देते. परक्या देशाचा व्हिसा किंवा राहण्याचा परवाना ती देऊ शकत नाही. त्यासाठी त्या देशाच्या कचेरीतच जावे लागते, आणि बहुधा आधी पासपोर्ट, मग परवाना असाच क्रम असतो. प्रत्येक देशाची रीत निराळी आहे. अमेरिकेत कायम वास्तव्याचे कार्ड हरवले तर तेथेच राहून दुसरे मागता येते, परंतु पासपोर्टावरील व्हिसा गेला तर तो अमेरिकेच्या भूमीवर पुन्हा मिळत नाही. देशाबाहेर जाऊन त्यांच्या वकिलातीतच घ्यावा लागतो. इंग्लंडात पूर्वी वास्तव्याची कार्डे असत. त्या कार्डांची मुदत ३१ डिसेंबर २०२४ रोजी संपविण्यात आली, आणि आता ती नोंद संगणकावर असते. कार्ड हरवण्याची भीती गेली खरी, परंतु नवा पासपोर्ट घेतल्यावर त्याचा क्रमांक त्या नोंदीत घालण्याचे विसरले तर विमानतळावर तीच पंचाईत उभी राहते.

चौथी गोष्ट पैशाची. परमुलखात अडकलेल्या, गरजू भारतीयांस मदत करण्यासाठी २००९ पासून आपल्या वकिलातींजवळ भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, आणि तक्रार नोंदविण्यासाठी परराष्ट्र खात्याने २०१५ साली 'मदद' नावाची सोय केली आहे. भिडेपोटी कोणी उपाशी राहू नये.

पाचवी गोष्ट मी विशेषतः माझ्या भगिनींना सांगतो. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे पासपोर्ट ही सर्व काळ केंद्र सरकारची मालमत्ता असते. ज्याच्या नावाने तो दिला त्याने तो सांभाळावयाचा. नवरा, सासरा, दलाल वा मालक यांपैकी कोणासही तो काढून घेऊन कुलपात ठेवण्याचा हक्क नाही. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकच्या सैन्याने कुवेत घेतले, तेव्हा पुष्कळ हिंदी कामगारांचे पासपोर्ट मालकांच्या तिजोऱ्यांत होते आणि मालक पळून गेलेले होते. सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना त्या वेळी मायदेशी आणले गेले, बहुतेकांना जॉर्डनमधील अम्मान येथून विमानांनी. हाती पासपोर्ट नसलेल्यांनाही प्रवासाचे तात्पुरते कागद द्यावे लागले. ते युद्धाचे दिवस होते. परंतु घरातल्या घरातही असे घडते. आपल्या मंडळाची वधूवर सूची दर वर्षी निघते आणि परदेशस्थ स्थळ आले की आपण हुरळून जातो. मुलगी सासरी गेल्यावर तिचा पासपोर्ट "सांभाळून ठेवतो" म्हणून कोणी घेतला, तर तो हरवल्यासारखाच समजावा. तिने मागूनही तो मिळत नसेल, तर वकिलातीला तसे स्पष्ट कळवावे. हरवला म्हणून खोटे लिहून देऊ नये, आणि माहेरच्यांनी "जरा दमाने घे" असा उपदेश करून तिचे तोंड बंद करू नये.

याच ओघात नावाविषयी. लग्नात तांदळांत नाव लिहून मुलीचे नावच बदलण्याची आपल्यात चाल आहे. ती चाल घरात खुशाल पाळावी, परंतु विवाहामुळे पासपोर्टावरील नाव बदललेच पाहिजे असे कायद्याचे बंधन नाही. बदलावयाचेच तर ते येथे असताना, सर्व कागदांवर एकदमच बदलावे. पासपोर्ट हरवल्यानंतर परदेशी बसून नाव दुरुस्त करणे म्हणजे वरातीमागून घोडे. आपल्या शहराचेच नाव २०२३ साली बदलले. कोणाच्या जुन्या पासपोर्टावर जन्मस्थान औरंगाबाद असेल, कोणाच्या नव्या कागदावर छत्रपती संभाजीनगर असेल. असा फरक दडवू नये. अर्जात आपण होऊन सांगावा.

आता घरच्यांच्या कर्तव्याकडे येतो. मूल परदेशी निघण्यापूर्वी त्याचा जन्मदाखला, शाळेचा दाखला, आधार आणि पासपोर्ट हे चारही कागद एका सतरंजीवर मांडावेत आणि घरातील दोघांनी अक्षर अन् अक्षर ताडून पाहावे. फरक आढळला तर येथेच, सवड असताना, कायदेशीर मार्गाने दुरुस्त करून घ्यावा. पासपोर्टाच्या फोटोच्या व पत्त्याच्या पानांची, व्हिसाची आणि परवान्याची प्रत घरी ठेवावी, आणि दुसरी मुलाच्या ईमेलमध्ये असावी. मूळ कागद कधीही एका पिशवीत एकत्र नेऊ नयेत. आणि पलीकडून फोन आला असता, माझ्यासारखी घाई करून हाती लागेल तो कागद पाठवू नये. प्रथम तो पासपोर्टाशी जुळतो का, ते पाहावे. ज्यांच्या घरी लहान मुले आहेत त्यांनी हेही ऐकून ठेवावे, की १ ऑक्टोबर २०२३ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांस पासपोर्टासाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. आता कोणा गुरुजीच्या कृपेने मूल मोठे होणार नाही, आणि ते फार चांगले झाले!

अध्यक्ष महाराज, शेवटी एक विनंती. मंडळाने सभासदांचे मूळ कागद स्वतःकडे ठेवू नयेत, कारण ज्याचा कागद त्याच्याच घरी शोभतो. परंतु ज्या घरातून कोणी परदेशी जाणार असेल, त्या घराने एकदा येऊन आपले कागद ताडून घ्यावेत, एवढी सोय मंडळाने करावी. हे काम मी पत्करावयास तयार आहे. दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा मी मंडळाच्या खोलीत बसेन. मजजवळ विद्या फार नाही, परंतु दोन कागदांवरील दोन अक्षरांतला फरक मला दिसतो. तो न पाहण्याची किंमत मी पाहिली आहे.

 परदेशी असलेल्या आपल्या सर्व लेकरांना परमेश्वर सुखरूप ठेवो, आणि त्यांना घरी यावेसे वाटेल त्या दिवशी येता येवो, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.